रिटरच्या उत्तरापेक्षा माझी लाट मागे का राहते?

मृण्मयी: नमस्कार. धरणफुटीच्या लाटेसाठी उथळ पाण्याची समीकरणं (खोली आणि वेग कसे बदलतात ते सांगणारी) सोडवणारा कोड लिहिलाय. पडताळणीला रिटरचं १८९२ चं, थेट सूत्रानं मिळणारं उत्तर घेतलं: सपाट कोरडा तळ, घर्षण शून्य, भिंतीमागे १० मीटर पाणी. भिंतीच्या जागी खोली मूळच्या ४/९, म्हणजे ४.४४ मीटर हवी, ती बरोबर येते. पण १० सेकंदांनी लाटेचं टोक १९८ मीटरवर हवं, माझं १६७ वरच. गणिताची जाळी दुप्पट बारीक केली तरी तेच. आठवडा गेला यात. पुढे फ्रान्समधल्या मालपासे धरणाची खरी फूट करायचीय, तिथे लाट पोचायची वेळच चुकली तर सगळंच व्यर्थ.

उथळपाणी: टोक मोजताना किती पाणी असलं की जागा ओली धरता?

मृण्मयी: १० सेंटिमीटर. फक्त आलेखासाठी, गणितात नाही.

उथळपाणी: मग कोड निर्दोष दिसतोय. रिटरच्या उत्तरात टोकाकडे पाणी फार पातळ होत जातं. लहरीचा वेग इथे ९.९ मीटर प्रतिसेकंद. खरं टोक त्याच्या २ पट वेगाने जातं, पण १० सेंटिमीटर खोली १.७ पटीनेच. १० सेकंदांत १६८ मीटर, तुमचं १६७! मर्यादा १ मिलिमीटर केलीत तर १९५ यायला हवं. खरं तर टोक ताडून पाहूच नका, ठरावीक खोली कुठवर गेली ते ताडून पाहा.

नदीकाठ: मालपासेबद्दल कळकळीनं सांगतो. २ डिसेंबर १९५९ च्या त्या रात्री ४२० हून अधिक माणसं गेली. लाट कधी पोचली हे कळतं ते वाटेतले तीन ट्रान्सफॉर्मर बंद पडल्यामुळे. धरण फुटल्याचा नेमका क्षण धूसर आहे, म्हणून दोन ट्रान्सफॉर्मर बंद पडण्यातलं वेळेचं अंतर ताडून पाहा. पहिल्या दोघांत ११४० सेकंद. आणि मॅनिंगचा गुणांक (तळाच्या घर्षणाचा आकडा) या वेळांवर जुळवून घेतलात, तर त्याच वेळा पुरावा म्हणून दाखवू नका. पोलिसांनी नोंदलेल्या पाणीखुणा त्यासाठी राखून ठेवा. त्याआधी खडबडीत तळ घेऊन त्यावर तळ्यासारखं स्थिर पाणी ठेवून, ते स्थिरच राहतं का हे बघितलंत का?

मृण्मयी: १ मिलिमीटरला १९३ आलं, फार हायसं वाटलं. तळ्याचं पाणी मात्र स्थिर राहत नाही, चढावर सेकंदाला ३ सेंटिमीटरचा प्रवाह आपोआप सुरू होतो. तळाच्या उताराचं पद आणि दाबाचं पद वेगवेगळ्या ठिकाणी मोजतेय, तिथेच घोळ असावा. उद्या ते दोन्ही जाळीच्या पेशीच्या (एका घराच्या) कडेवर आणते.