बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी मनानेच बंद केलीय, पोटरी दुखते म्हणून

आळशी_बोका:
बाबा ७६ वर्षांचे, शुगर १५ वर्षांपासून, सिगरेट ओढायचे, आता सोडलीये. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ आलं म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० दिली, दोन महिन्यांत ८२ वर आलं. पण आता चालायला गेले की डाव्या पोटरीत गोळा येतो, थांबावं लागतं, आणि कुणीतरी सांगितलं की या गोळीनेच स्नायू दुखतात, झालं, पंधरा दिवस गोळी बंद! वर म्हणतात या वयात कोलेस्टेरॉल कमी करून करायचंय काय. कुणाला अनुभव?

जिना_नको:
आमच्या सासूबाईंचं झालं होतं असं. पण त्यांच्या दोन्ही मांड्या जड व्हायच्या, खुर्चीतून उठताना त्रास. सीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं, शेवटी थायरॉईड कमी निघाला. त्यानेही स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं म्हणे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या.

फिरस्ता६५:
एक मिनिट, डाव्याच पोटरीत ना? चालल्यावरच येतं आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जातं? मग मला तरी ही गोळीची भानगड वाटत नाही. गोळीचं दुखणं सहसा दोन्हीकडे असतं आणि बसलं तरी लगेच जात नाही. माझं अगदी असंच होतं, पायाची धमनी अरुंद झाली होती, चालताना स्नायूला रक्त जास्त लागतं आणि ते पोचतच नाही. शुगर आणि सिगरेट दोन्ही असलेल्यांना हे जास्त होतं. एबीआय करा, घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून भागाकार काढतात, ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनीत अडथळा. फक्त शुगरवाल्यांच्या धमन्या कॅल्शियमने कडक होतात, मग आकडा उगाच चांगला दिसतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात. आणि तसं निघालं तर बंद केलेली गोळीच सगळ्यात जास्त लागणार आहे, काय गंमत! पाय रात्री झोपेतही दुखायला लागला किंवा जखम भरत नसेल तर मात्र थांबू नका.

कुंपणावरची:
वयाबद्दल, पंचाहत्तरीनंतर वाद आहे तो ज्यांना धमन्यांचा काहीच आजार नाही त्यांच्याबद्दल. आजार आहे त्यांना या वयातही फायदा होतो. आणि २०२० मध्ये एक अभ्यास आला होता, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना कधी खरी, कधी खोटी गोळी दिली, तर ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच असतं हां, फक्त कारण वेगळं. तरी डोस कमी करणं, गोळी बदलणं हेही पर्याय असतात, डॉक्टरांना सरळ सांगा की बंद केलीये.

आळशी_बोका:
आत्ताच हात लावून बघितलं, डावा पाय उजव्यापेक्षा गार लागतोय. उद्या सकाळीच नेतो. बाबा विचारतायत म्हणजे गोळी निर्दोष का, म्हटलं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही आधी मोजे काढून दुसरा पाय दाखवा.