पावसाळ्यात रेझिन चिकट राहतंय, पेंडंटं वाचतील का?

निळी_गोकर्ण (सातारा)

वाळवलेली गोकर्ण आणि पांढरी शेवंती घालून इपॉक्सीची (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारं प्लास्टिक) बारा पेंडंटं करायची आहेत, गणपतीच्या आत द्यायची आहेत. मोल्ड गोल, व्यास ३ सेंमी, जाडी ६ मिमी. बाटलीवर प्रमाण २:१ आहे. पहिल्या चार पेंडंटांसाठी काट्यावर २० ग्रॅम रेझिन आणि १० ग्रॅम हार्डनर घेतलं, तीन मिनिटं ढवळलं, एकदमच ओतलं. ४८ तास उलटले तरी बोटाचा ठसा उमटतोय. शेवंतीभोवती बारीक बुडबुड्यांची माळ आहे आणि दोन पाकळ्या चहाच्या रंगाच्या झाल्यात. खोलीत २३ डिग्री, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर. जो तो म्हणतो पावसाची हवा भोवली. ही चार वाचतील का? की सरळ युव्ही रेझिन (अतिनील उजेडाने कडक होणारं) घेऊ?

गुंज_वाल (सांगली)

पावसाला बोल नंतर लावू. आधी लेबल पुन्हा वाचा. ते २:१ वजनाने आहे की मापाने? ‘बाय वेट’ किंवा ‘बाय व्हॉल्यूम’ असं कुठेतरी बारीक अक्षरात असतं.

निळी_गोकर्ण

मागच्या बाजूला आहे. बाय व्हॉल्यूम! पण काट्यावर दुप्पट घेतलं तर दुप्पटच ना?

गुंज_वाल

इथेच सगळे घसरतात. रेझिन जड असतं, हार्डनर हलकं. साधारणपणे १ मिली रेझिन १.१५ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि १ मिली हार्डनर ०.९५ च्या. म्हणजे तुमचं २० ग्रॅम रेझिन झालं १७.४ मिली. त्याला हार्डनर हवं होतं ८.७ मिली, वजनाने ८.३ ग्रॅम. तुम्ही घातलंत १० ग्रॅम. वीस टक्के जास्त. हार्डनर हा काही विरजणासारखा नाही की थोडं जास्त पडलं तर लवकर लागेल. त्याचा प्रत्येक रेणू रेझिनशी जोडला जातो, जोडीदार मिळाला नाही तर तसाच आत राहतो आणि तुकडा मऊ, चिकट ठेवतो. आठवडाभर थांबलात तरी फरक पडायचा नाही.

हे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून माझ्या आकड्यांवर जाऊ नका. मेडिकलमधून ५ मिलीच्या दोन सिरिंज आणा, सुया नकोत. एकीने ५ मिली रेझिन काट्यावर घ्या, दुसरीने ५ मिली हार्डनर. समजा ५.७५ आणि ४.७५ ग्रॅम भरलं, तर ५.७५ ची दुप्पट भागिले ४.७५, म्हणजे २.४२. झालं, त्या बाटलीसाठी वजनाचं प्रमाण २.४२:१. बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. किचनचा काटा १ ग्रॅमची उडी मारतो, सहा ग्रॅम हार्डनरमध्ये ती उडी म्हणजे पंधरा-सोळा टक्क्यांची चूक.

आता तुमचा हिशेब. एक पेंडंट ४.२ मिली, बारांचे ५१ मिली, वजन साधारण ५६ ग्रॅम. कपाला आणि काडीला चिकटून जातं ते धरून ६२ ग्रॅम करा. पण एकदम नको, दोन थरांत:

पहिला थर २ मिमी: रेझिन १४.७ + हार्डनर ६.१ ग्रॅम
दुसरा थर ४ मिमी: रेझिन २९.० + हार्डनर १२.० ग्रॅम

तीन मिनिटं ढवळणं ठीक, पण कडा आणि बूड खरवडलं का? लाकडी काडीपेक्षा चपटी सिलिकॉन पट्टी बरी. तीन मिनिटांनी सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं असतं, ते खरवडून मोल्डमध्ये टाकलं की नेमका तेवढाच डाग कायमचा ओला राहतो.

झालेल्या चारांना नखाने दाबून बघा. नख रुतलं तर आतपर्यंत कच्चं. वर मेणासारखा तेलकट थर आहे पण नख रुतत नाही, तर तो हार्डनर, दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड यांचा थर, खरोखरच पावसाचा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि हिरव्या घासणीने निघून जातो. ठसा उमटतोय म्हणजे तुमचं पहिलं असावं. त्यावर योग्य प्रमाणाचा १ मिमी थर देऊन चकाकी आणता येते, पण आतला गाभा मऊच राहतो. घरात लटकवायला चालेल, गळ्यात घालायला विकू नका. न जोडलेलं हार्डनर कातडीला लागत राहिलं तर पुरळ उठतं.

वाळवण (कराड)

फुलांबद्दल. चहाचा रंग आणि बुडबुड्यांची माळ, दोन्हींचं कारण एकच, पाकळीत राहिलेला ओलावा आणि हवा. या दिवसांत वहीत दाबून फुलं वाळत नाहीत, कुजतात. टीपकागद रोज बदलणार असाल तर गोकर्ण जमेल. शेवंतीला मात्र ओलावा शोषणारी सिलिका जेलच हवी, मोठे मणी नकोत, वाळूसारखी बारीक. हवाबंद डब्यात खाली दोन बोटं थर, त्यावर फूल, वरून चमच्याने हळूहळू भरायचं, ६-७ दिवस. पाकळी पापडासारखी तुटली पाहिजे. वाकली तर परत डब्यात. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोन तास ठेवून पुन्हा वापरा.

मग सील. पातळ क्लिअर वार्निशचे दोन हात, मधे पूर्ण वाळू द्यायचं. सील नसेल तर रेझिन पाकळीत शिरतं आणि पांढरी शेवंती तेल लागलेल्या कागदासारखी पारदर्शक होते. गोकर्णीला तर सील हवंच. तिचा निळा रंग आम्लात जांभळा आणि अल्कलीत हिरवट होतो, आणि हार्डनर अल्कली असतं.

पहिला थर ओतल्यावर लगेच फूल ठेवू नका, तरंगतं. २३ डिग्रीला चार-पाच तास थांबा. काडी टेकवून उचलली की चिकटली पाहिजे, पण पाकासारखी तार येता कामा नये. त्या वेळी फूल ठेवा, पण आधी ब्रशने दोन्ही बाजूंना रेझिन लावून. कोरडी पाकळी ठेवली की तिच्याखाली हवा अडकते, तीच तुमची माळ.

आणि कोणी सुचवायच्या आधीच सांगते, कासची फुलं नकोत. तिथे तोडायला मनाई आहे, आणि २०१२ पासून ते पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे. अंगणातली भरपूर होतात.

पितळी_कडी (सांगली)

युव्ही रेझिन पूर्ण पेंडंटाला नको. एका वेळी १-२ मिमीच थर कडक होतो, आणि पाकळीच्या सावलीत उजेड पोचत नाही. वरून काचेसारखं, फुलाच्या मागे चिकचिकाट. पेंडंटावर फुगीर घुमट द्यायला किंवा हूक बसवायला मात्र तेच उत्तम.

बुडबुड्यांसाठी: रेझिनची बाटली, फक्त रेझिनची, झाकण घट्ट लावून ४०-४५ डिग्रीच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पातळ होतं, हवा आपोआप वर येते. बाहेर काढल्यावर बाटली पुसून कोरडी करा, एक थेंब पाणी कपात पडलं तरी दुधाळपणा येतो. गरम रेझिन लवकर जमतं हेही लक्षात ठेवा. लायटर फिरवायचा तर सेकंदभर, वरून हलकेच. सिलिकॉनला आच लागली की मोल्डचा तो भाग मॅट होतो आणि पुढचा प्रत्येक तुकडा तिथे मॅटच निघतो.

ओतल्यावर मोल्डवर उलटा डबा. २३ डिग्री थोडं थंडच, मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून २८-३० ठेवा. बल्ब पुठ्ठ्याला टेकायला नको, आणि तो लावून झोपायचं नाही.

भोक ४८ तासांनंतर, १.५ मिमी बिटाने, हळू, खाली लाकडाचा तुकडा धरून. वेगाने फिरवलं की रेझिन तापून मऊ होतं आणि बिटाला गुंडाळतं. घासायचं ते पाण्याखाली, ४०० पासून ८००, १५००, २००० नंबरचे पॉलिश पेपर. कोरडं घासलंत तर मास्क हवाच. पितळी बेझलमध्ये (पेंडंटाची धातूची चौकट) ओतणार असाल तर आतून आधी क्लिअर लॅकर मारा. तांबं-पितळ आणि हार्डनरची गाठ पडली की कडेने हिरवट झाक येते. सोनेरी वर्ख म्हणून मिळतो तोही बहुतेक वेळा पितळीच असतो.

मिरज_जंक्शन

याच धाग्यात घुसतो. लग्नातल्या हळदीची पूड पेंडंटमध्ये घालून मागितली आहे. चालेल?

गुंज_वाल

सांगलीकडून हळदीचा प्रश्न येणारच होता! पूड थेट घालू नका. हळद अल्कलीत तांबडी होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. हार्डनरमध्ये तेच होतं, पिवळ्याऐवजी विटकरी डाग दिसतो. उरलासुरला पिवळा रंग उजेडाने उडतो. बारीक काचेच्या कुपीत पूड भरून, बूच सील करून ती कुपी रेझिनमध्ये बसवा, रंग हार्डनरपासून वाचेल. नाहीतर वाळलेल्या हळकुंडाची २ मिमी चकती करवतीने कापा, वार्निशचे तीन हात द्या. आतली वर्तुळं छान दिसतात.

निळी_गोकर्ण

सिरिंजने मोजलं. ५ मिली रेझिन ५.६८ ग्रॅम, हार्डनर ४.८१. म्हणजे २.३६:१. आता पूर्ण बॅच करू?

गुंज_वाल

तुमच्या बाटलीला २.३६ च. पहिल्या थराला रेझिन १४.६, हार्डनर ६.२ ग्रॅम घ्या. त्याआधी ७.०८ + ३.०० ग्रॅमची चाचणी, फुलाशिवाय, दोन मोल्डांमध्ये. २४ तासांनी नख रुतलं नाही तर बाकीची करा. हातमोजे नायट्राइलचे घ्या. हाताला लागलंच तर थिनर-स्पिरिटने पुसू नका, ते रेझिन कातडीत आणखी आत नेतं. साबण आणि पाणी.

पितळी_कडी

आणि द्यायच्या तारखेच्या निदान आठ दिवस आधी ओतून मोकळ्या व्हा, ताई. पूर्ण पक्कं व्हायला आठवडा धरायचा. त्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत भरलीत तर पिशवीच्या सुरकुत्या पेंडंटावर उमटतात.