पुतण्याचं अल्डोलेज जास्त आलंय, केळी बंद करायची का? अर्जंट मदत

यावलकर: लवकर सांगा कोणीतरी. पुतण्याच्या रक्तात अल्डोलेज नावाचं एन्झाइम जास्त आलंय, डॉक्टर सोमवारी भेटतील. नेटवर दिसतंय की अल्डोलेजच्या आजारात फळं-साखर चालत नाही, आणि आमच्या घरात तर बारा महिने केळी. बंद करू का? वहिनी सकाळपासून जेवली नाही.

भुसावळ_जंक्शन: वय काय? टेस्ट सांगितली कशासाठी? सीपीके, म्हणजे स्नायूतलं दुसरं एन्झाइम, किती?

केळीवाला: केळी बिलकुल सोडू नका, केळ्यात फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, नसतंच.

भुसावळ_जंक्शन: असतं हो. काहीही काय.

मास्तर_धुळे: अल्डोलेज फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटचे दोन तुकडे करतं, तीन-तीन कार्बनचे. ग्लायकोलिसिसची, म्हणजे पेशीत साखर फोडून ऊर्जा काढायच्या क्रियेची, चौथी पायरी. प्राण्यांत त्यातल्या लायसिन या अमिनो आम्लावर काम चालतं, जिवाणू-बुरशीत जस्त लागतं.

केळीवाला: सर, पेपर आहे का इथे

लॅबवाला: यावलकर, तुम्ही उलटं धरलंय. फळं चालत नाहीत तो आजार अल्डोलेज बी कमी असल्याचा, ते यकृतातलं. फ्रुक्टोज-1-फॉस्फेट फुटत नाही, साचतं, साखर खाली जाते. जन्मापासून असतो, बाळाला वरचं गोड सुरू केलं की उलट्या. तुमचं वाढलंय, आणि रक्तात वाढतं ते बहुतेकदा स्नायूतलं, अल्डोलेज ए. कधी यकृताच्या त्रासातही वाढतं. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो.

अहिरानी_मानूस: भाऊ, पोऱ्याले बकरीनं दूध द्या.

यावलकर: वय 19, भरतीची तयारी चालू आहे, पहाटे पळतो, मग गाडीत केळीचे घड भरायला जातो. मांड्या ठणकतात म्हणून डॉक्टरांनी टेस्ट लिहिली. सीपीके दुसऱ्या पानावर आहे, तेपण जास्त.

भुसावळ_जंक्शन: अहो हे आधी सांगायचं ना! एवढ्या मेहनतीने दोन्ही वाढू शकतात. स्नायूंचा आजार आहे का ते डॉक्टर बघतील. तोवर पळणं बंद, हमाली बंद.

केळीवाला: पोरं प्रोटीनचे डबे खातात त्याने होतं हे सगळं.

लॅबवाला: डब्याचं राहू द्या. लघवीचा रंग विचारा आधी.

यावलकर: विचारलं. कोऱ्या चहासारखी होतेय म्हणतो कालपासून, लाजेने बोलला नव्हता.

लॅबवाला: सोमवारची वाट बघू नका, आत्ता सिव्हिलला न्या. स्नायू फुटून किडनीवर येऊ शकतं. रिपोर्टची दोन्ही पानं सोबत घ्या.

यावलकर: निघालो.

केळीवाला: तिकडे भाव काय चाललाय हो केळीचा?