बाबांचा पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, ऑपरेशन नको म्हणतात

सांगलीकर:
नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे, दोन महिने जेवण जात नव्हतं, चार घासांत पोट भरलं म्हणायचे, आम्ही ॲसिडिटी समजून गोळ्या देत बसलो. एन्डोस्कोपीत जठरात गाठ, बायोप्सीत अडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर), सीटीत लिव्हरवर चार डाग. डॉक्टर सरळ केमो म्हणतात. काका म्हणतात दोन्हीकडचं काढून टाका. काय करू, डोकं चालत नाहीये.

मीनल:
माझ्या आईचं अगदी असंच होतं. लिव्हरवर आलाय म्हणजे पेशी रक्तातून फिरल्यात, दिसतंय तेवढं कापून भागत नाही, उलट जखम भरेपर्यंत केमो लांबते. जठराची वाट बंद झाली किंवा रक्त थांबेना तर गोष्ट वेगळी, आणि डाग एखाद-दोनच असून केमोने आटोक्यात राहिले तर काही मोजक्या लोकांत विचार करतात. काकांना हे शांतपणे सांग, ते काळजीनेच बोलतायत.
पण आधी एक कर, बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) हर-टू, एमएसआय आणि पीडी-एल-वन टेस्ट सांगितल्यात का विचार, कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून कळतं. हर-टू पॉझिटिव्ह निघालं तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरच नेम धरणारं औषध देतात. २०१० च्या मोठ्या अभ्यासात त्याने सरासरी आयुष्य ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं होतं. आकडा लहान वाटतो, पण आईला त्या काळात माझ्या मुलीचं बारसं बघता आलं. भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखंच बनवलेलं औषध, मिळतं, मूळ औषधापेक्षा स्वस्त.

केमोवाला मुलगा:
कॅपॉक्स केमो (कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन) देणार असतील तर थंडी सांभाळा. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर पप्पांनी सकाळी स्टीलचा तांब्या उचलला आणि बोटांत करंट बसल्यासारखं होऊन तो हातातून सुटलाच. तेव्हापासून कोमट पाणी, फ्रिजला हात नाही. गोळ्या १४ दिवस आणि ७ दिवस सुट्टी असते, तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले तर लगेच सांगा, डोस कमी करतात. ताप आला किंवा जुलाब थांबेनात तर रात्रीसुद्धा फोन करायचा, सकाळची वाट बघू नका. आणि पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना आत्ताच भेटा, ते फक्त शेवटी लागतात असं आम्हाला वाटायचं, पण पप्पांचं दुखणं आणि उलट्या त्यांनीच आवरल्या.

सांगलीकर:
मीनलताई, विचारलं, हर-टू कुणी सांगितलीच नव्हती. ब्लॉक लॅबमधून आणलेत, मेणाचे दोन छोटे चौकोन, सकाळी टेस्टला पाठवतोय. परळला टाटामध्ये दुसरं मतही घेणार. बाबांना अजून नीट सांगितलं नाहीये, ते कसं सांगितलंत तुम्ही?