काठीवर चढवूनही मनीप्लांटची पाने लहानच राहतात : मदत हवी आहे

आमच्या पुण्यातील घरात पूर्वेच्या खिडकीपासून सुमारे चार फुटांवर मनीप्लांटचा तीन वर्षांचा वेल आहे. हाच वेल बाहेर आंब्याच्या खोडाला मुळे रोवून चढला की त्याची पाने हातभर लांब होऊन कडेने चिरतात आणि लोंबत ठेवला की ती लहान होत जातात, म्हणून गेल्या जूनमध्ये काथ्या गुंडाळलेली तीन फुटी काठी कुंडीत रोवून मी त्याला तिच्यावर चढवले. तरीही नवीन पान 10 सेंटीमीटरच्या पुढे जात नाही, पेरांमधले अंतर वाढले आहे, पिवळे पट्टे जवळजवळ नाहीसे झाले आहेत आणि हवाई मुळे काथ्यात न शिरता वाळतात.

कुंडी 10 इंची असून तिला छिद्रे आहेत. मातीत कोकोपीट व गांडूळखत आहे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी देतो. मुळे पांढरी व निरोगी आहेत, कीड दिसत नाही. काठीवर रोज सकाळी पाणी फवारतो, परंतु काथ्या तासाभरात कोरडा होतो. घरात लहान मूल आहे आणि या वेलाचा रस तोंडाला झोंबतो, त्यामुळे कुंडी उंच स्टँडवरून हलवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवता येत नाही. वर दिवा मात्र लावता येईल.

पट्टे गेल्यामुळे मला प्रकाशाचीच शंका अधिक येते. तेव्हा आधी एलईडी दिवा लावावा (किती वॅटचा, किती उंचीवर आणि रोज किती तास?), की शेंडा छाटून तो ओल्या शेवाळाच्या काठीवर नव्याने रुजवावा?