देवघरातल्या तलवारीचं वय कशावरून लावायचं: लेख, मूठ की पातं?

बोरीकाठ

खंडेनवमी जवळ आली की आपल्याकडे तलवारींचे फोटो फिरायला लागतात आणि प्रत्येकाखाली एकच शब्द असतो, 'शिवकालीन'. या आठवड्यात पारोळ्याकडच्या एका घरातला फोटो आला. गोल वाटीची मूठ, चांगलं वाकदार पातं, त्यावर सोनेरी चौकटीत फारसी अक्षरं आणि ११९३ हा आकडा. मालकांचं म्हणणं, ही इराणची, असदुल्ला इस्फहानीच्या हातची, हिजरी ११९३ म्हणजे १७७९ ची.

दोन्ही गोष्टी एकत्र बसतच नाहीत. असदुल्लाचं नाव इराणचा बादशहा शाह अब्बास पहिला (कारकीर्द १५८८ ते १६२९) याच्या काळाशी जोडलं जातं. १७७९ मध्ये तो कुठून येणार? त्याच्या नावाची पाती इतकी आहेत की एका माणसाच्या हयातीत ती घडणं शक्य नाही. ते नाव म्हणजे प्रतिष्ठेची खूण झाली होती, इराणात आणि हिंदुस्थानातही. 'बंदे शाह-ए-विलायत अब्बास' (विलायतेच्या शाहचा बंदा अब्बास) असं लिहिलेल्या चौकटीचंही तेच.

आकड्याचं तर विचारूच नका. ११९३ हिजरी असेल तर १७७९. पण आपल्या मुलखात मराठी दप्तरांत सुहूर सन चालायचा, त्या हिशोबाने १७९२-९३ येतं. दख्खनी फसली सन धरला तर १७८३. सन कोणता ते लिहिलेलं नसेल तर नुसत्या आकड्याला काय अर्थ?

आणि मूठ? आपल्याकडच्या तलवारीची मूठ लाखेवर बसवलेली असते. ऊब दिली की सुटते, दुसरी चढवता येते. घराणं वाढलं, मानपान वाढला की मूठ बदलली. म्हणून माझं ठाम मत: पात्यावरचा लेख आणि मूठ बाजूला ठेवा, पात्याची घडण वाचा. इराणी समशेर एकसारखी निमुळती होत जाते, सहसा पात्यावर पन्हळ, म्हणजे लांबट खाच, नसते. तुर्की किलिजचं पातं टोकाकडे रुंद होतं आणि तिथे पाठीलाही धार असते, त्या भागाला तुर्क येलमान म्हणतात. हिंदुस्थानी पात्याला मुठीलगतचा थोडा भाग बोथट ठेवलेला असतो, धार त्याच्या पुढे सुरू होते. ही खूण कुणालाही घरात बघता येते.

अमळनेरी

बोरीकाठ भाऊ, लेखाबद्दल शंभर टक्के सहमत. मुठीबद्दल अजिबात नाही.

पात्याइतकं फसवं काही नाही. मराठ्यांच्या धोपेत, म्हणजे सरळ पात्याच्या तलवारीत, जर्मनीतलं झोलिंगेनचं किंवा इटलीतलं पातं असायचं, म्हणून तर तिला फिरंगी म्हणतात. तुमच्या नियमाने ती जर्मन तलवार ठरेल. ती मराठ्याची झाली केव्हा? मूठ चढली तेव्हा. दख्खनी कट्यारी बघा. हाताच्या पाठीवर पानासारखा पत्रा आणि खाली तुटलेल्या फिरंगी तलवारीचा तुकडा रिवेट ठोकून बसवलेला. पातं वाचून काय सांगणार, कट्यार युरोपातली?

शिवाय समशेरीच्या पात्याची घडण दोन-दोनशे वर्षं फारशी हलत नाही. मुठीची हलते, आणि तिला साक्षीदार आहेत. 'आईन-ए-अकबरी'त हत्यारांची नावं आहेत, चित्रं आहेत. लघुचित्रांत कमरेच्या कट्यारी स्पष्ट दिसतात. त्याहून पक्का पुरावा आंध्रातल्या अदोनीचा. १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला मोगलांकडे गेला, तिथली हत्यारं बिकानेरच्या राजाने नेली आणि त्यांतल्या बऱ्याच हत्यारांवर ठिपक्यांनी बिकानेरची नोंद ठोकली. त्या नोंदीच्या कट्यारींच्या मुठींची घडण १६८९ च्या आधीची, यात वादच नाही. पात्यांसाठी इतका भक्कम आधार दाखवा.

बोरीकाठ

अदोनीचा मुद्दा जोरदार आहे, पण तो नोंद असलेल्या हत्यारांपुरता. नोंद नसलेल्या मुठीची नक्कल होते, आजही होते. उदयपूरला कोफ्तगिरीचं काम अजून चालतं आणि ते उत्तम असतं.

कोफ्तकाम भिंगाखाली बघा. लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकलेली असते. खरोखर वापरातल्या मुठीवर तळहात लागतो तिथलं सोनं गेलेलं असतं, त्याखाली त्या रेघा उघड्या पडलेल्या दिसतात, आणि परजेच्या, म्हणजे बोटं राखणाऱ्या पट्टीच्या, आतल्या कोपऱ्यात सोनं शाबूत असतं. मुद्दाम जुन्या केलेल्या मुठीवर सगळीकडे सारखीच झीज असते, हात न पोचणाऱ्या जागीसुद्धा. खंजिरांचंही तसंच. १९ व्या शतकात, काजार राजवटीत, इराणात तेजाबाने कोरलेले, चेहरे आणि अक्षरं भरलेले खंजीर केवळ शोभेसाठी आणि प्रवाशांना विकायला बनत. अक्षरं जास्त म्हणून वस्तू जुनी, असं होत नाही.

तापीकाठ

नाना लोकहो, तुम्ही दोघं पोलाद आणि सोनं बघताय, मुलूख बघत नाही. सुरतेहून बुऱ्हाणपूरचा रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा असाच जायचा. फारुकींनी दोनशेहून जास्त वर्षं इथे राज्य केलं, १६०१ मध्ये अशीरगड अकबराकडे गेला. इराणी पातं या रस्त्याच्या गावात सापडणं अगदी साहजिक आहे. उलट उत्तम इराणी पात्यांचं पोलाद पुष्कळदा आपल्या दख्खनचंच, तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून केलेलं. घराणं सांगतं ती गोष्ट इतक्या सहज उडवू नका. आमच्याकडे सनदही आहे.

अमळनेरी

हाई बात खरी शे आबा, रस्त्याचं मान्य. पण सनद जहागिरीची असते, तिच्यात तलवारीचं वर्णन नसतं. तलवार त्याच घरात पुढे शंभर वर्षांनी आली असू शकते.

सातपुड्याची लेक

वयाचा वाद चालू द्या, पण नवमीला काय होतं ते कुणीच बोलत नाही. आमच्याकडे तलवार चिंच आणि राखेने लख्ख घासतात, हल्ली सँडपेपर. मग शेंदूर आणि लिंबू. तुम्ही म्हणता ती बोथट कड, त्या रेघा, आणि पोलादावरची तरंगांसारखी नक्षी, म्हणजे जौहर, हे सगळं दर वर्षी थोडं थोडं जातं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, गंजलेलं हत्यार देवापुढे ठेवायचं का? त्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही.

बोरीकाठ

ताई, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. जुना गंज काळपट-तपकिरी असतो, घट्ट बसलेला, तो राहू द्यायचा. नारिंगी भुकटीसारखा गंज नवा, तो मऊ कापड आणि हलक्या तेलाने काढायचा. शेंदूर म्यानावर किंवा खालच्या पाटावर लावा, पूजा पूर्ण होते. लिंबू पोलादावर चिरू नका.

अमळनेरी

इथे थोडं वेगळं सांगतो. जौहर दिसत नसेल तर तो परत उठवायची जुनी रीत आहेच, कसीस (लोखंडाचा एक क्षार) लावायची. जुने शिकलगार, म्हणजे हत्यारं घासून-पाजळून देणारे, तेच करायचे. म्हणजे स्वच्छ करणं हा काही गुन्हा नाही.

बोरीकाठ

शिकलगाराच्या हातात. घरी कसीस लावलं की पहिलं सोनं सुटतं, आणि मग ११९३ चा आकडाही वाचता येत नाही. नकली जौहरही असाच तेजाबाने वरवर छापतात. खरा मुशीतल्या पोलादाचा जौहर पाण्याच्या तरंगांसारखा अनियमित असतो. पट्ट्या जोडून केलेल्या नव्या पात्यावर नक्षी ठराविक अंतराने परत येते.

पारोळ्याचे मालक

फोटो माझ्याच घरातल्या तलवारीचा. आत्ता बघितलं, धार मुठीपासून सुमारे दोन बोटं पुढे सुरू होते. दोघांनी सांगा.

बोरीकाठ

मग पातं बहुधा हिंदुस्थानी. असदुल्लाचं नाव इथेच घातलेलं असावं. हत्यार शंभर वर्षांपेक्षा जुनं ठरलं तर १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू आहे, देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी 'इराणी आहे, बाहेर चांगला भाव मिळेल' म्हणत आलं तर दारातूनच परत पाठवा. आणि नोंद करताना पातं एका ओळीत लिहा, मूठ दुसऱ्या.

अमळनेरी

दोन ओळी मला मान्य. पण तलवारीचं वय म्हणून मुठीचीच ओळ धरा, आणि त्यासाठी वाटीचा खालून, परजेचा आतून फोटो टाका. त्याशिवाय मी १७७९ लाही हो म्हणणार नाही आणि १७९२ लाही.