मदत हवी आहे : नेच्याचे (फर्नचे) बीजाणू घरी रुजवायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहते. गल्लीतल्या आठवी-नववीच्या मुलांना वनस्पती शेवाळापासून फुलापर्यंत कशा पोहोचल्या, हे पुस्तकाबाहेर दाखवायचं आहे. उसावरून त्यांना बरंच कळतं. शेतात आपण कांडी लावतो, म्हणजे नवा ऊस जुन्याचीच हुबेहूब प्रत. तुऱ्यातून खरं बी धरतं, पण ते नव्या जाती काढणाऱ्यांच्या कामाचं. कोइमतूरला 1912 पासून ते काम चालू आहे.

अडलंय ते नेच्यापाशी. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतले बीजाणू रुजले की थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहूनही लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा येतो. त्याच्यावर पाण्याचा थर असेल तरच पुंपेशी (नर पेशी) पोहत अंडपेशीपर्यंत जाते आणि मग नेचा जन्मतो. जमिनीवर येऊन कोट्यवधी वर्षं झाली तरी पाण्याची ही गरज सुटलेली नाही, आणि मुलांनी डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं ते हेच.

कुणी हा पापुद्रा घरी वाढवलाय का? माती उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी की कोकोपीट घ्यावं? झाकलेल्या डब्यात बुरशी धरू नये म्हणून काय करता? पन्हाळा किंवा गगनबावड्याच्या वाटेवर ओल्या दरडींवर तो आयता कुठे दिसेल?

आणखी एक. सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या, बिया धरणाऱ्या झाडामध्येही पोहणाऱ्या पुंपेशी असतात, हे 1896 मध्ये जपानात दिसलं. शहरातल्या कुठल्या बागेत नर आणि मादी, दोन्ही सायकस आहेत का?